शंभर मीटरचे घड्याळ आणि खो-खो

एका निवड चाचणीत खो-खोचा संघ 100 मीटर धावण्याच्या वेळेवरून ठरविला गेला. माझा एक मित्र त्यात मागे पडला व वगळला गेला. वास्तविक आमच्या संतपुरात खेळताना तो सहसा कुणाच्या हाती लागत नसे. ही पद्धत मला चुकीची वाटते.

खो-खोच्या दोन खांबांतील अंतर अवघे 24 मीटर. तेवढ्यातही सरळ कोण धावतो? बसलेल्या गड्यांमधून वळायचे, हुलकावणी द्यायची, थबकून पुन्हा सुटायचे, आणि डाव 9 मिनिटांचा! शंभर मीटरच्या वेळेत यातले काहीच दिसत नाही.

मोठे फुटबॉल संघ आज खेळाडूंच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बांधून त्यांची धाव मोजतात. आपल्याला फक्की, फीत व साधे घड्याळ पुरे. पहिल्या 10 मीटरची वेळ घ्यावी. 5 मीटरवर वळवून परत आणावे. हेच सहा वेळा करून पहिली व शेवटची वेळ ताडून पाहावी. मिनिटभर विश्रांतीनंतर नाडी मोजावी.

येत्या निवडीत क्रीडाशिक्षकांनी एवढे करून पाहावे, ही नम्र विनंती. मग माझ्या मित्रासारखे गडी मैदानाबाहेर बसणार नाहीत.