चालताना गाणी ऐका, पण एक कान रस्त्याकडे

ओमानातल्या मत्रहच्या कॉर्निशवर संध्याकाळी चालायला जाता ना? मासळी बाजारापासून रियामच्या बागेपर्यंत सुमारे तीन किलोमीटर. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला गाड्या. कानात गाणी असली की वाट लवकर सरते. त्यासाठी काही विकत घेणार असाल, तर आधी थोडं ऐकून घ्या.

दुकानदार आवाज किती खणखणीत आहे ते सांगेल. तुम्ही आधी विचारा, हे कानात घातल्यावर बाहेरचं ऐकू येतं का?

कारण साधं आहे. भारतात आपण लहानपणापासून रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघतो. ओमानात वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे पहिली गाडी तुमच्या डावीकडून येते. इथे वर्षानुवर्षं राहिलेल्यांचीही मान घाईत चुकीच्या बाजूला वळते. तेव्हा हॉर्नच वाचवतो, आणि तो ऐकू यायला हवा.

म्हणून कान गच्च बंद करणारे, बाहेरचा आवाज गाळणारे इअरफोन विमानासाठी ठेवा. चालायला कानाबाहेर बसणारे, हाडातून आवाज पोहोचवणारे हेडफोन चांगले. ते महाग वाटले तर साधे घ्या आणि एकच कानात घाला. रस्ता ओलांडताना गाणं थांबवा. नुकतेच भारतातून आलेले आई-बाबा चालायला येत असतील, तर त्यांना हे दोनदा सांगा.

आता प्लेअर. फोनवर गाणी वाजतातच, मग वेगळं कशाला? फोन जड असतो, घामट हातातून निसटतो आणि मध्येच ऑफिसचा मेसेज येतो. कपड्याला चिमट्याने अडकणारा छोटा प्लेअर मला तरी बरा वाटतो. मात्र त्याला खरी, बोटाला लागणारी बटणं हवीत. ओल्या बोटाने टचस्क्रीन नीट चालत नाही. न बघता आवाज कमी करता येतो का, ते दुकानातच करून पाहा.

घामाचं काय? डब्यावर ‘आयपीएक्स ४’ असेल तर चारी बाजूंनी उडणारं पाणी ते सोसतं. ‘आयपीएक्स ७’ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं. पण ही परीक्षा गोड्या पाण्यात होते. घाम खारट, मत्रहची हवाही खारट. घरी आलात की ओलसर फडक्याने पुसा, कोरडं करा, मगच चार्जिंगला लावा.

उन्हाळ्यात प्लेअर किंवा हेडफोन गाडीत ठेवू नका. अशा अनेक वस्तूंच्या माहितीपत्रकात ३५ अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं. इथे जूनमध्ये बाहेरच पारा चाळिशी ओलांडतो. बंद गाडीत त्याहून जास्त. बॅटरीचं आयुष्य तिथेच संपतं. खरं तर त्या दिवसांत तुम्हीही सूर्य वर यायच्या आत चालून या.

आवाज बेताचा ठेवा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगते. आवाज ९० वर नेलात तर फक्त ४ तास. डेसिबल कोण मोजत बसणार? शेजारी चालणाऱ्याचं बोलणं ऐकू येत नसेल, तर आवाज जास्त आहे. आणि अजान सुरू झाली की गाणं थोडा वेळ बंद करावं. कोणी सांगत नाही, पण शोभतं.

गावी भावाला किंवा आईला पाठवायला घेणार असाल, तर वॉरंटी भारतात चालेल का ते विचारा. ‘चालेल’ एवढ्यावर थांबू नका, कार्डावर लिहिलेलं दाखवायला सांगा. इथल्या चार्जरच्या तीन चौकोनी पिना आपल्या बोर्डात बसत नाहीत, तेव्हा यूएसबी वायरवर चार्ज होणारंच निवडा. बिलाचा लगेच फोटो काढून ठेवा. त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं या उष्म्यात काही महिन्यांत उडून जातात.