हातोड्याखालची वृत्तपत्रे

जर्मनीतील लिलावगृहांत जुन्या ग्रंथांबरोबर जुनी वृत्तपत्रे आणि नियतकालिकेही विक्रीस येतात. एकेकाळी काही फेनिगांना हातोहात विकला गेलेला अंक तेथे जपून मांडलेला असतो आणि त्यावर चढाओढीने बोली लागते. हा श्रीमंतांचा निरुपद्रवी नाद, असे म्हणून हे सोडून देता येईल. परंतु जी पत्रे एका राजवटीने समूळ नष्ट करावयास घेतली होती, त्यांच्यावर अखेर हक्क कोणाचा, हा प्रश्न केवळ हौसेचा नव्हे.

जुलै १९३२ मध्ये ‘आर्बायटर इलुस्ट्रीर्टे त्साइटुंग’ या श्रमिकांच्या सचित्र साप्ताहिकात जॉन हार्टफील्डने हिटलरची ‘क्ष-किरण’ प्रतिमा रचली. तिच्यात पाठीच्या कण्याच्या जागी सोन्याच्या नाण्यांची चळत होती. नाझी चळवळीला पैसा कोठून येतो, हे निरक्षरालाही कळावे असे ते चित्र होते. पुढच्याच वर्षी हे साप्ताहिक प्रागला परागंदा झाले. ‘फोरवेर्ट्स’ हे सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे मुखपत्र बंद पाडले गेले. ‘डी वेल्टब्यूने’चा संपादक कार्ल फॉन ओसिएट्स्की छळछावणीत डांबला गेला, १९३५ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळूनही तो १९३८ मध्ये पहाऱ्यातच मरण पावला. असे अंक घरात सापडणे जिवावर बेतू लागले, तेव्हा कित्येकांनी आपले संच स्वतःच्या हातांनी चुलीत घातले.

अशा काळातून जे वाचले, त्याचे श्रेय पुष्कळदा माळ्यावर गठ्ठे दडवून ठेवणाऱ्या सामान्य माणसांना आणि पुढे त्यांची कदर करणाऱ्या संग्राहकांना आहे. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि बाजाराची रीत निराळी आहे. ‘सिम्प्लिसिसिमुस’ किंवा ‘युगेंड’ यांचे बांधीव खंड उसवून चित्रांची पाने सुटी विकली जातात. चित्र भिंतीवर जाते आणि मजकूर रद्दीत. शिवाय १८४८ चे वृत्तपत्र चिंध्यांच्या कागदावर असेल तर ते आजही टिकून असते. १९३० चा लाकडाच्या लगद्याचा कागद मात्र पिवळा पडून हातात तुटतो. तिजोरीत बंद केल्याने तो अमर होत नाही.

म्हणून सार्वजनिक ग्रंथालयांना बोली लावण्यापुरता निधी हवा, आणि खाजगी हाती जाणाऱ्या दुर्मिळ अंकाची छायाप्रत आधी ग्रंथालयात जमा व्हावी. बॉनमधील फ्रीडरिश एबर्ट प्रतिष्ठानाच्या ग्रंथालयाने ‘फोरवेर्ट्स’चे १८७६ ते १९३३ चे अंक संगणकावर सर्वांना खुले केले आहेत, तेव्हा ही मागणी अव्यवहार्य म्हणता येणार नाही. प्रत निघाली की मूळ अंकाचे मोल घटते, हा आक्षेपही टिकत नाही. मार्क्सच्या ‘नॉये रायनिशे त्साइटुंग’चा १९ मे १८४९ चा, लाल शाईत छापलेला अखेरचा अंक अनेकदा पुनर्मुद्रित झाला, तरी मूळ प्रतीची ओढ ओसरलेली नाही.

संग्राहकाने कागद खुशाल विकत घ्यावा. त्यावरील मजकूर ज्यांच्यासाठी लिहिला गेला, त्या कष्टकऱ्यांच्या नातवंडांना तो वाचण्यासाठी बोली लावावी लागू नये, एवढेच मागणे आहे.