गाठ आटली, तरी तपासणी हवीच
डोळ्याच्या काही कर्करोगांत गाठीलगत बुबुळाच्या गोलावर काही काळ शिवून ठेवायची रुथेनियम-१०६ ची चकती मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अणुइंधनाच्या अवशेषांतून सिद्ध केली आहे. गाठ आटते, डोळा राहतो. मात्र किरणांनी दुखावलेल्या दृष्टिपटलाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या महिन्यांनी, कधी वर्षांनी पाझरू लागतात. मधुमेह्यांना हा धोका अधिक. ही सूज नजर मंदावण्याआधीच ओसीटी चित्रणात दिसू शकते. त्यात पुन्हा किरणोत्सर्ग नाही, केवळ प्रकाश, सुईही नाही. वेळीच उमगल्यास डोळ्यातील इंजेक्शनांनी दृष्टी सावरण्याची आशा असते. जालन्याहून मुंबई दूर आणि हंगामात पेढी सोडवत नाही, हे खरे. तरी ‘पर्युषणानंतर पाहू’ म्हणून तारीख लांबवू नये. जुनी चित्रणे सोबत न्यावीत. तुलना त्यांच्याशीच होते.