चाकाचा हिशेब ऊर्जेने मांडा

फिरत्या वस्तूंचे गणित आले की विद्यार्थी सूत्रांमागे धावतात. चकतीचे एक, कड्याचे दुसरे, गोळ्याचे तिसरे! परीक्षेपुरते ते पाठ होते. पण प्रश्न जरा बदलला की हात टेकावे लागतात. माझ्या मते अशा गणितात पहिला प्रश्न एकच असावा : ऊर्जा कोठून आली आणि कोठे गेली?

आडावरचा रहाट घ्या. पोहरा ५ किलोग्रॅमचा, भरीव चकतीसारखे चाक १० किलोग्रॅमचे, दोर चाकाभोवती गुंडाळलेला. पोहरा सुटून १० मीटर खाली गेला, तर त्याचा वेग किती? घर्षण व दोराचे वजन सोडून द्या. गुरुत्वीय त्वरण १० धरा. पोहऱ्याने ५०० ज्यूल स्थितिज ऊर्जा गमावली. ती पोहरा व चाक यांत वाटली गेली. पोहऱ्याची गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान व वेगवर्ग यांच्या गुणाकाराची निम्मी. चाकाचा मधला भाग कडेपेक्षा सावकाश फिरतो, म्हणून त्याच्या वाट्याला पावच येते. पण चाक पोहऱ्याच्या दुप्पट जड! तेव्हा दोघांना २५०-२५० ज्यूल, आणि वेग सेकंदाला १० मीटर. चाक नसते तर तो सुमारे १४ झाला असता. चाकाची त्रिज्या लागलीच नाही, हे लक्षात आले का?

मग बलांचा अभ्यास नको काय? हवाच. उतारावरून येणारे चाक घरंगळेल की घसरेल, हे घर्षणबल पाहिल्याशिवाय कळत नाही. पण आधी जमाखर्च, मग बले, हा क्रम सोपा पडतो.

हा जमाखर्च आडापुरता नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या 'लायगो-इंडिया' वेधशाळेला केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. अमेरिकेतील अशाच वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरी प्रथम टिपल्या. एकमेकांभोवती फिरणारी दोन कृष्णविवरे, सुमारे ३६ व २९ सूर्यांच्या वस्तुमानाची, एक झाली. उरले सुमारे ६२. उरलेल्या तीन सूर्यांएवढे वस्तुमान ऊर्जा होऊन लहरींबरोबर गेले. खर्च जमेशी जुळला!

औंढ्याच्या वेधशाळेकडे आपल्या मुलांनी केवळ कुतुहलाने पाहू नये, तेथील काम त्यांना समजावे. शिक्षकांनी फळ्यावर सूत्र लिहिण्यापूर्वी जमाखर्चाचे दोन रकाने आखावेत. सुरुवात तेथूनच होते.