हात वर करण्याआधी एक बिल फाडा

गेल्या महिन्यात कोल्हापुरातल्या एका कॉलेजात उद्योजकतेवर बोलायला गेलो होतो. "स्वतःचा धंदा कुणाला करायचाय?" असं विचारलं, तर जवळजवळ सगळ्या वर्गाचे हात वर. मग विचारलं, "आजवर गिऱ्हाइकाच्या नावानं बिल कुणी फाडलंय?" एकच हात उरला. तो पोरगा दुपारनंतर अब्बांच्या गॅरेजमध्ये काम करतो. पण त्याचा प्रोजेक्ट होता घरपोच जेवण देणाऱ्या अ‍ॅपचा. "गॅरेजवर का नाही केलास?" तो ओशाळून म्हणाला, "सर, तो काय उद्योग आहे होय?"

दोष त्याचा नाही, शिकवण्याचा आहे. इंजिनिअरिंगला हा विषय मलाही होता. यशस्वी उद्योजकाचे गुण पाठ केले, पेपर लिहिला, पास झालो. पुढे मित्राबरोबर दुकानांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर काढलं. सॉफ्टवेअर चाललं, धंदा दीड वर्षात बसला. उधारी कशी वसूल करायची, हे कुणी शिकवलंच नव्हतं. अम्मीचं गहाण सोनं सोडवायला नोकरीतली दोन वर्षं गेली.

अशा शिक्षणानं धंद्याची ओढ वाढतेच, असंही नाही. जर्मनीतल्या म्युनिक विद्यापीठातल्या अभ्यासक्रमावरचं संशोधन २०१० साली प्रसिद्ध झालं. शेवटी धंदा करू म्हणणारे थोडे कमीच झाले होते, पण आपल्याला हे जमेल की नाही, याचा अंदाज अनेकांना आला होता. त्याच वर्षीच्या नेदरलँड्समधल्या संशोधनात विद्यार्थ्यांनी छोटी कंपनी चालवून पाहिली होती. तिथेही इच्छा घटलीच. मला हे अपयश वाटत नाही. 'हे आपलं काम नव्हे' हे वर्गात कळलं, तर घरातलं सोनं वाचतं. आपल्यासारख्या घरांत ही बचत लहान नाही.

शाहू महाराजांच्या पुढाकारानं १९०६ साली मोहम्मेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, हे आपण अभिमानानं सांगतो. त्यांनी दिलेला धंद्याचा धडा मात्र विसरतो. अस्पृश्यतेचे चटके सोसलेल्या गंगाराम कांबळेंना त्यांनी चहाचं दुकान काढायला मदत केली. पण त्या हातचा चहा पिणार कोण? महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा प्यायले. भांडवल दिलं आणि गिऱ्हाईकही झाले. दुसरं नसतं, तर पहिलं वाया गेलं असतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. उद्योजकतेचे मार्क पीपीटीवर देऊ नका. एका सत्रात प्रत्येकानं खरी वस्तू किंवा सेवा विकावी, हिशेब ठेवावा, उधारी वसूल करून दाखवावी. तोटा झाला तरी हिशेब खरा असेल तर पूर्ण मार्क द्यावेत. गॅरेज, घरातलं शिलाईकाम, उद्यमनगरातलं लेथचं वर्कशॉप हेही प्रोजेक्ट म्हणून चालावेत.

आणि आपण मोहल्लेवाल्यांनी? पोरानं दुकान टाकलं की मुबारकबाद देतो आणि लगेच उधार मागतो. त्यापेक्षा रोख द्या, बिल मागा, काम वाईट असेल तर तोंडावर सांगा.

त्या गॅरेजवाल्या पोराला मी एकच काम दिलंय: महिनाभराचा जमाखर्च लिहून आण. पुढच्या महिन्यात माझी गाडी सर्व्हिसिंगला त्याच्याकडेच जाणार आहे. रोखीनं.