पंच चुकला तर काय करायचं?



आज वाळवणं, फराळ, व्रतवैकल्यं सगळं बाजूला ठेवून मी कुस्तीवर लिहिणार आहे. दचकू नका. माझं माहेर सांगलीकडचं. तिकडे जैन शेतकऱ्यांच्या घरांतूनही एखादा मुलगा तालमीत जायचा आणि त्याच्यासाठी दूध, तूप, बदाम वेगळे काढून ठेवले जायचे. लग्नानंतर या भागात आले, तर इथेही तेच. आमच्या संत तुकाराम नगरपासून भोसरी फार लांब नाही. कारखान्यांची कितीही गर्दी झाली तरी या पट्ट्यातल्या गावांच्या यात्रांमध्ये अजून हलगी वाजते आणि आखाडा भरतो.

आमच्या घरात हल्ली दोन पक्ष आहेत. मुलगा आणि जावई महाराष्ट्र केसरीवर भांडतात. नातू मोबाइलवर ते पिंजऱ्यातलं एमएमए बघतो आणि त्याच्या मित्रांशी रात्री उशिरापर्यंत वाद घालतो. खेळ दोन, पण वाद एकच: पंचाने निकाल बरोबर दिला का? ऐकून ऐकून माझंही एक मत झालं आहे. पंच चुकू शकतो, आणि चुकला तर चौकशी झालीच पाहिजे. पण ती चौकशी त्याची कॉलर धरून होत नाही, आणि आपल्या मोबाइलवरच्या दहा सेकंदांच्या क्लिपवरूनही होत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी घडलेलं थोडक्यात सांगते. 2 फेब्रुवारी 2025 ला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या शेवटच्या कुस्त्या होत्या. या स्पर्धेत गादी आणि माती असे दोन विभाग असतात. दोन्हींचे विजेते शेवटी गदेसाठी लढतात. गादी विभागात शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ समोरासमोर आले. राक्षे आपल्या राजगुरुनगरजवळच्या राक्षेवाडीचा, म्हणजे चाकणच्या पुढचाच. मोहोळ मुळशीतल्या मुठ्याचा. पंचांनी राक्षेला चितपट ठरवलं. त्याचं म्हणणं होतं की आपले दोन्ही खांदे टेकलेलेच नाहीत, रिप्ले बघा. वाद वाढला, त्याने पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडही पंचांच्या निर्णयावर चिडला आणि शेवटच्या काही सेकंदांत मैदान सोडून गेला. गदा मोहोळला मिळाली. राक्षे आणि गायकवाड दोघांवर कुस्तीगीर संघाने तीन वर्षांची बंदी जाहीर केली.

पुढे चौकशी झाली. पंचांचा निर्णय चुकला होता असा तिचा निष्कर्ष निघाला आणि पंचांवरही कारवाई झाली. म्हणजे राक्षेची तक्रार खोटी नव्हती. म्हणूनच हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. पंच बरोबर असता तर लिहायला काही उरलंच नसतं.

आता नियम काय आहे ते बघू. पूर्वी मातीतल्या निकाली कुस्तीत वेळेचं बंधन नसायचं, गुण नसायचे. पाठ लागली की कुस्ती संपली, नाहीतर बरोबरीत सोडवली. हजार माणसांना एकाच वेळी दिसायचं, त्यामुळे वादाला जागा कमी. गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. ताबा घेतला की दोन गुण, प्रतिस्पर्ध्याला उचलून धोक्याच्या स्थितीत टाकलं की चार, बाहेर ढकललं की एक. पाठ किती वळली, हात आधी टेकला की खांदा, हे सगळं डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात ठरवायचं. त्यासाठी एक नाही, तीन माणसं असतात: गादीवरचा पंच, बाजूला बसलेला दुसरा पंच आणि गादीचा प्रमुख. चितपट द्यायची तर गादीवरच्या पंचाला बाकीच्या दोघांपैकी एकाची तरी संमती लागते.

मी कॉमर्सची पदवीधर आहे, त्यामुळे मला हे लगेच पटतं. बँकेत मोठ्या रकमेच्या व्हाउचरवर एकाची सही चालत नाही. दुसरा तपासतो. माणूस अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे, तर डोळा फसतो म्हणून. दोन सह्या असूनही चूक राहिली, तर ऑडिटर शेरा मारतो आणि चूक दुरुस्तीची नोंद घातली जाते. जुनी नोंद खोडायची नसते, खाली नवी लिहायची असते. ज्याने चूक केली त्याला जाब द्यावा लागतो. पण काउंटरवरून उडी मारून कॅशियरला बदडायची सोय कुठल्याही पुस्तकात नाही.

अहिल्यानगरच्या प्रसंगात दुरुस्तीची नोंद झाली, पण फार उशिरा. तोवर गदा वाटली गेली, मिरवणूक निघाली, बंदीही जाहीर झाली. त्याच संध्याकाळी हात वर करण्याआधी मोठ्या पडद्यावर दोन मिनिटं रिप्ले दाखवला असता, तर एका पैलवानाची वर्षं आणि एका पंचाची अब्रू दोन्ही वाचली असती. मला तर मोहोळचंही वाईट वाटतं. त्याने काय चुकीचं केलं? तो त्याची कुस्ती लढला. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी त्याच्या गदेला "पण" चिकटला.

1992 मध्ये डर्बनच्या कसोटीत टीव्हीचा रिप्ले बघून धावबाद दिला गेलेला जगातला पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर होता. तिथून क्रिकेटने किती मजल मारली. आज गल्लीतलं पोरही हाताने चौकोन काढून रिव्ह्यू मागतं. कुस्तीतही दाद मागण्याची सोय आहे. प्रशिक्षक हरकत घेऊ शकतो आणि ती फेटाळली गेली तर समोरच्याला एक गुण मिळतो. पण सोय असणं वेगळं आणि लाखो लोक बघत असताना ती मोकळेपणाने वापरू देणं वेगळं.

आता आपल्याकडे, म्हणजे बघणाऱ्यांकडे वळते. अहिल्यानगरच्या आधी दोन वर्षं, जानेवारी 2023 मध्ये, पुण्यात कोथरूडला स्पर्धा होती. माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड लढले. गायकवाडने बाहेरील टांग मारली आणि त्याला चार गुण मिळाले. सिकंदरच्या चाहत्यांचं म्हणणं, तो धोक्याच्या स्थितीत गेलाच नव्हता, चार गुण कसे? मग जे सुरू झालं ते आठवतंय ना? प्रत्येक ग्रुपवर तीच क्लिप, कुणी संथ करून, कुणी लाल गोल काढून. पंचांना फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांत गेली. पंचांनाही घरदार असतं. घरात फोन वाजला की बायकोच्या पोटात गोळा येत असेल, हे कुणाच्या मनात आलं का?

नीट बघा, 2023 मध्ये ज्याच्या बाजूने वादग्रस्त निर्णय गेला तोच गायकवाड 2025 मध्ये पंचांवर चिडून मैदान सोडून गेला. आणि 2023 ची गदा त्याला एका मिनिटाच्या आत चितपट करून जिंकली होती शिवराज राक्षेने. त्या दिवशी राक्षेच्या चाहत्यांना पंच देवासारखे वाटले असतील. मी मुलाला आणि जावयाला हेच विचारते: तुमचा पैलवान जिंकला त्या दिवशी तुम्ही किती वेळा रिप्ले मागितला होता? खातेवहीत जमा आणि नावे, दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. फक्त आपलं येणं लिहून ठेवणाऱ्याला आम्ही हिशेबी म्हणत नाही.

हा राग किती वर्षं टिकतो तेही बघा. दोन वेळचे महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील अहिल्यानगरनंतर म्हणाले की पंचाला लाथ काय, गोळीच घालायला हवी होती. 2009 मध्ये आपल्यावरही असाच अन्याय झाला होता, असं सांगून त्यांनी आपल्या गदा परत करण्याची भाषा केली. सोळा वर्षांनीही जखम ओली होती. त्यांचं दुःख मला समजतं. तिसऱ्या गदेचं स्वप्न घेऊन उतरलेल्या माणसाचं ते दुःख आहे. पण गोळीची भाषा मला कोणत्याही कारणाने मान्य नाही. आपण हिंसा मन, वचन आणि काया या तिन्हींची मानतो. पैलवान एकमेकांना नियमाने आपटतात ती एक गोष्ट, आणि घरात पंख्याखाली बसून एखाद्या माणसाला मारायची भाषा टाइप करणं ही दुसरी. दुसरी मला जास्त भयंकर वाटते.

नातवाच्या खेळातही वेगळं नाही. एमएमएमध्ये तीन गुणलेखक पिंजऱ्याच्या वेगवेगळ्या बाजूंना बसतात आणि प्रत्येक फेरीला दहा-नऊ असे गुण देतात. एकाला पाठ दिसते, दुसऱ्याला चेहरा. त्यामुळे दोघांचं एक आणि तिसऱ्याचं वेगळं असा निकाल पुष्कळदा लागतो आणि मग चाहते "लूट झाली" म्हणून ओरडतात. ऑक्टोबर 2025 मध्ये अबू धाबीला टॉम अॅस्पिनॉल आणि सिरिल गान यांची विजेतेपदाची लढत झाली. पहिल्याच फेरीत गानची बोटं अॅस्पिनॉलच्या डोळ्यांत गेली. तो पुढे लढू शकला नाही आणि लढत बेनिकाली ठरली. लोक लगेच म्हणायला लागले, नाटक करतोय, घाबरला. मी नातवाला म्हटलं, भाजीला फोडणी देताना मिरचीचा हात डोळ्याला लागला तर तू अर्धा तास नळाखाली उभा असतोस. त्याच्या डोळ्यात काय झालं ते तुला इथून कसं दिसलं?

आपल्याकडे अनेकांताची शिकवण आहे. प्रवचनात महाराज सांगतात ना, "असंच आहे" आणि "असंही आहे" यातला फरक. मला त्याचा अर्थ "सगळेच बरोबर" असा वाटत नाही. खांदे टेकले किंवा नाही टेकले, खरं एकच असणार. पण ते खरं सापडायला एका जागेवरून बघून भागत नाही. म्हणून तीन पंच, म्हणून चारही बाजूंचे कॅमेरे. आपली क्लिप ही त्यातली फक्त एक बाजू. "मला असं दिसलं" म्हणा, ते खरं आहे. "पंच विकला गेला" म्हणायला मात्र पुरावा लागतो.

मग चाहत्यांनी गप्प बसायचं का? मुळीच नाही. चाहत्यांनी ओरडलं नसतं तर कदाचित चौकशीही झाली नसती. पण मागायचं ते नीट मागा. किताबाच्या कुस्तीत चितपटीचा निकाल रिप्लेशिवाय देऊ नका, हे मागा. पंचांनी माइकवर दोन वाक्यांत मराठीत कारण सांगावं, हे मागा. लेखी हरकतीचा निकाल ठरलेल्या मुदतीत जाहीर करा, हे मागा. शिक्षाही मोजून द्या. लाथ मारणारा आणि मैदान सोडणारा, दोघांना सारखीच तीन वर्षं हे मला पटलेलं नाही. पैलवानाची ऐन उमेदीची वर्षं किती असतात? वडील शेत विकून, कर्ज काढून खुराक पुरवतात. तीन वर्षं बसून राहिलेल्या मुलाचा खुराक कुणी पुरवायचा? आणि एकाच राज्यात दोन संघटना दोन महाराष्ट्र केसरी घेतात, ते तरी थांबवा. मार्च 2025 मध्ये कर्जतला दुसरी स्पर्धा झाली आणि वेताळ शेळकेने गदा जिंकली. दोन महिन्यांत दोन महाराष्ट्र केसरी! घरात दोन हिशेबवह्या ठेवल्या की कुठल्याच वहीवर विश्वास बसत नाही.

याच स्पर्धेतलं एक चांगलंही सांगते. जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीला हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके अंतिम फेरीत लढले. दोघं काका पवारांच्या एकाच तालमीतले. हर्षवर्धन 3-2 असा जिंकला, म्हणजे एका गुणाचा फरक. वाद घालायला तेवढा पुरेसा असतो. पण जिंकल्यावर त्याने हरलेल्या शैलेशलाच खांद्यावर उचलून घेतलं. तो फोटो तुम्हीही पाहिला असेल. तालमीत वस्तादांनी कुस्तीबरोबर हेही शिकवलं असणार.

घरातल्या मुलांना आपण एवढं तरी सांगू शकतो. निकाल पटला नाही तर जरूर बोल, पण आधी पूर्ण कुस्ती बघ, नियम वाच आणि आपल्या पैलवानाच्या बाजूने चुकीचा निर्णय गेला तेव्हाही तेवढ्याच मोठ्याने बोल. पंचाचं नाव घेऊन शिवी लिहिणार असशील तर फोन खाली ठेव आणि जेवायला ये. सूर्यास्त व्हायला आला आहे.

तुमच्या घरी असे वाद होतात का? तुमची मुलं-नातवंडं काय म्हणतात, ते मला जरूर कळवा.