वेचणीचा हात
दिवाळीच्या आसपास पोखर्णीच्या शिवारात कापूस वेचणी जोरात असते, तेव्हा सराईत बाईचे हात जवळून पाहावेत. दोन्ही हात एकाच वेळी दोन बोंडांवर, बोटं थेट बुडाशी, आणि एका ओढीत सगळा कापूस ओटीत. वाळल्या पानाचा कण नाही की बोंडाच्या टोकांचा ओरखडा नाही. नजर तोवर पुढच्या बोंडावर गेलेली. नवखी बाई त्याच बोंडाला तीनदा चिमटते, बोटं सोलून घेते. सरावाने नेमकं काय बदलतं? सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाईन यांनी 1920च्या दशकात मॉस्कोत हातोडा चालवणाऱ्या कामगारांचं चित्रण केलं. घाव अचूक बसत होता, पण खांदा-कोपराची हालचाल दर वेळी थोडी वेगळी! सरावात हालचाल घोकली जात नाही, दर वेळी नव्याने जमवली जाते, हे त्यांनी ओळखलं. कापसाचंही तसंच: कुठलं बोंड गुडघ्याशी, कुठलं अर्धंच उमललेलं. म्हणून ही कला काठावरून सांगून येत नाही, जाणतीच्या शेजारची ओळ धरावी लागते. मजुरी मात्र किलोवर, म्हणजे शिकण्याचा खर्च नवखीच्याच पदरी. या कामाला बिनकसबी समजणं मला साफ नामंजूर आहे.